फुवा आणि खालचा विभाग

कोणालाही कायमची जागा देणं हा जगातला सगळ्यात मोठा अन्याय आहे, असं आमच्या फुवांचं ठाम मत आहे. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. धानोऱ्याला त्यांची कापसाची आणि पपईची शेती आहे. उभ्या आयुष्यात त्यांनी फुटबॉलला एकदाही लाथ मारलेली नाही. तरीही आमच्या भागात फुटबॉलचं नाव निघालं की लोकांना आधी फुवा आठवतात, आणि बोलणारे धानोऱ्याचे असले तर ते लगेच विषय बदलतात.

हे वेड त्यांना सुरतेत लागलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते मुलाकडे पडून होते आणि टीव्हीवर कुठल्यातरी परदेशातला सामना चालू होता. खेळ त्यांना कळत नव्हता. त्यांचं लक्ष गेलं ते रडणाऱ्या प्रेक्षकांकडे. धडधाकट माणसं गळ्यात मफलर घालून हमसून हमसून रडत होती. 'फायनल हारनात का?' त्यांनी मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, फायनल नाही, हे शेवटून पहिले आलेत, आता खालच्या विभागात जातील. मग त्याने सगळं समजावून सांगितलं. तिकडे देशाची लीग म्हणजे मजल्यांची इमारत असते. एका मजल्यावरचा प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. जिंकलं की तीन गुण, बरोबरी झाली की एक. वर्षाच्या शेवटी गुणांचं टेबल पाहायचं. तळाचे दोन-तीन संघ खालच्या मजल्यावर जातात आणि खालच्या मजल्यावरचे पहिले दोन-तीन वर येतात. कधीकधी वरचा बुडता आणि खालचा चढता यांच्यात एक शेवटचा सामना लावतात. कितीही श्रीमंत, कितीही जुना संघ असो, तळाला गेला की उतरायचं. फुवा उठून बसले. 'पहिला कोन येस ते सगळास्ले समजस,' ते म्हणाले, 'शेवटला कोन, त्यानावर ध्यान ठेवनं पडी.' गुडघा बरा व्हायच्या आत त्यांनी घराचे दोन विभाग पाडले होते.

पहिली गदा भाज्यांवर आली. वांग्याचं भरीत पहिल्या विभागात, गिलकी दुसऱ्यात. दिवाळीला सीझन संपला आणि भेंडी खाली गेली. फुईने दुसऱ्या दिवशी मुद्दाम भेंडीच केली. फुवांनी ती निमूट खाल्ली, पण पाटावरून उठून खाली जमिनीवर बसून. खालच्या विभागाचा सामना वरच्या मैदानावर होत नाही म्हणून. फुईने कमरेवर हात ठेवून विचारलं, 'आनि मी कोन्ता विभागमा शे?' फुवांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, 'तू मंडळ शे. मंडळ खाले जात नही.' त्यांच्या संसारात एवढं मुत्सद्दी वाक्य दुसरं कोणी उच्चारलेलं नाही.

जावयांच्या बाबतीत मात्र हा मुत्सद्दीपणा आटला. थोरले जावई शहाद्याचे, नोकरदार, मानाचे. फुईच्या आजारपणात ते फिरकले नाहीत आणि धाकटे दोनदा येऊन गेले. पुढच्या पंगतीत थोरल्यांना मानाच्या पाटाऐवजी दाराजवळचा पाट मिळाला. 'सासरेबुवा, काही चुकलं का माझं?' त्यांनी दुखावून विचारलं. फुवा प्रेमाने म्हणाले, 'चुक नही, जवाईबापू. गुण कमी पडनात. पुढला साल जोर लावा.' थोरले जावई रागावून निघाले, पण पुढच्या साली आंबे घेऊन पहिले हजर झाले ते तेच. पद्धत काम करते याचा पुरावा म्हणून फुवा हे आंबे आजही सांगतात.

मला ही सगळी पद्धत संतापजनक वाटली होती. मी वाढले ते चळवळीतल्या आईवडिलांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांत. आमच्या घरी अंकलिपीआधी 'जागे व्हा' आलं आणि भाकरीसुद्धा जुन्या पत्रकात गुंडाळली जायची. अशा मुलीसमोर कोणी 'पहिला विभाग, दुसरा विभाग' म्हणालं की तिचा हात आपोआप पेनाकडे जातो. मी 'विभाग मोडा!' असं पत्रक लिहिलं आणि प्रकाशा गावच्या बाजारात वाटलं. फुवांनी ते उभ्याने वाचलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, 'झकास लिखं, माय. आते एक सांग. विभाग मोडीसन धडगाववालास्ले तू कोठून वर आनशी?'

या प्रश्नामागे फुवांची लीग होती. सपाटीवरच्या गावांमध्ये फुटबॉलच्या स्पर्धा पूर्वीही व्हायच्या. सातपुड्यातल्या धडगावकडच्या पोरांना त्यात 'खास निमंत्रित' म्हणून बोलवायचे. ती पोरं घाट उतरून यायची, एक प्रदर्शनी सामना खेळायची आणि वाऱ्यासारखी पळायची. लोक टाळ्या वाजवायचे, 'काय दम शे रे यास्नामा' म्हणायचे, नारळ द्यायचे, जेवू घालायचे आणि जीपमध्ये बसवून द्यायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मुख्य स्पर्धेत त्यांना जागा नसायची, कारण जागा भरलेल्या होत्या आणि भरलेल्या जागा कोणी रिकाम्या करत नसे. फुवांनी दोन विभागांची लीग उभी केली आणि फक्त दोन नियम पक्के केले. पहिल्या विभागाचा शेवटचा आणि दुसऱ्याचा पहिला यांच्यात एक सामना; जो हरेल तो खाली. आणि एकदा ठरलेली तारीख बदलणार नाही, जो येणार नाही तो हरला. दुसऱ्या नियमासाठी त्यांनी चुलत भावाच्या मुलीचा साखरपुडासुद्धा चुकवला होता. मी माझं पत्रक मागे घेतलं नाही, पण वाटणं थांबवलं.

तिसऱ्या सीझनला पहिल्या विभागाच्या तळाला गेलं कोण, तर धानोरा. फुवांचं स्वतःचं गाव, आणि संघाचा कप्तान त्यांचा सख्खा पुतण्या. दुसऱ्या विभागात पहिलं आलं धडगाव. सामना होळीच्या आधीच्या रविवारी. ही तारीख फुवांनीच सीझनच्या सुरुवातीला ठरवली होती. सपाटीवरचा माणूस कॅलेंडर बघतो ते आपल्या शेताच्या खिडकीतून. तेव्हा कापूस निघालेला असतो, लोक मोकळे असतात, एवढंच त्यांनी पाहिलं.

धडगावचा कप्तान सातपुड्यात वडापची जीप चालवतो. तो धानोऱ्याला आला तेव्हा स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात गावातले सगळे जाणते बसले होते, फुवांसोबत मीही होते. बाकावर, खांबाला टेकून बसायची मानाची जागा फुवांची. कप्तान शाळेतल्या मराठीत अदबीने म्हणाला, 'काका, त्या रविवारी आमच्याकडे भोंगऱ्याचा बाजार आहे. होळीच्या आधीचा मोठा बाजार. गुजरातला कामाला गेलेली पोरं त्यासाठीच घरी येतात. घरचे ढोल घेऊन निघतात. तेव्हा कोणी घाट उतरणार नाही.'

हॉटेलातल्या नजरा एकमेकांना भिडल्या, आणि त्यांत दुःख नव्हतं. धानोरा वाचलं होतं, न खेळता. पुतण्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. 'आबा, तारीख बदलत नही. हाई तुम्हीच सांगेल शे.'

'बदलत नही,' फुवा म्हणाले.

'जो येनार नही तो हारना.'

'हारना.' फुवांनी कप्तानाकडे पाहिलं. त्या क्षणी मला माझ्या सगळ्या पत्रकांतली सगळी उद्गारचिन्हं एकदम आठवली. नियमाच्या आड लपून होणारा अन्याय यावर मी चार पानं लिहू शकले असते. फुवांनी विचारलं, 'तुम्हना मैदान कसं शे?'

'दगड आहेत, काका. थोडा उतार पण आहे.'

'उतार कोन्ता गोलकडे?'

'हाफटाइमला बाजू बदलतातच ना.'

'मंग आम्हीच वर येतस,' फुवा म्हणाले. 'नियममा तारीख लिखेल शे. मैदान लिखेल नही.'

पुतण्या उभा राहिला. रागाने त्याचा आवाज चिरकला. 'आबा, तुम्ही आपला गावना शेतस का त्यास्ना?'

'मी टेबलना शे,' फुवा म्हणाले.

धानोऱ्याचा संघ घाट चढला तो धडगावच्या कप्तानाच्याच जीपमधून, कारण दुसरी जीप बाजाराच्या दिवशी कोण देणार? आमचा गोलकीपर प्रत्येक वळणाला ओकला. कप्तान मुद्दाम वळणं मारतोय असा संघाचा संशय होता, पण बिचारा दर वेळी गाडी थांबवून पाण्याची बाटली पुढे करत होता. वर पोचलो तर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. चांदीचे दागिने घातलेल्या बाया, बासऱ्या, गावागावांचे माणसापेक्षा मोठे ढोल, गूळ आणि दाळ्या म्हणजे फुटाणे यांचे ढीग. मैदान बाजाराला लागूनच होतं. प्रकाशाच्या सामन्याला येतात त्याच्या कित्येक पट माणसं तिथे उभी होती, आणि आयुष्यात प्रथमच धानोरा 'पाहुणे' होतं.

दुसऱ्या हाफमध्ये एक ढोलाचा ताफा आमच्या गोलमागे येऊन नाचू लागला. आमच्या गोलकीपरने वळून बघितलं. कोणीही बघितलं असतं. चेंडू आत गेला. धानोऱ्याने रेफ्रीला घेरलं, 'ढोल वाजी ऱ्हायंता!' रेफ्री म्हणाला की ढोलाबद्दल नियमात काही नाही, आणि सगळ्यांनी एकदम फुवांकडे पाहिलं. फुवांनी मान हलवली. नव्हतंच काही. गोल तसाच राहिला आणि धडगाव त्या एका गोलने जिंकलं.

गूळ-दाळ्या वाटून झाल्यावर कप्तान फुवांजवळ आला. त्याच्या संघातली निम्मी पोरं होळीनंतर पुन्हा कामाला निघणार होती. 'काका,' त्याने हळूच विचारलं, 'पुढच्या वर्षी आम्ही निमंत्रित नाही ना?'

'नही रे भो. पुढला साल तुम्हले पडाना धाक राही,' फुवा म्हणाले. कप्तानाचा चेहरा असा उजळला की जणू कोणी आशीर्वाद दिला.

धानोऱ्याने मात्र फुवांना माफ केलं नाही. कोणी भांडलं नाही. फक्त हॉटेलातली खांबाजवळची जागा रोज कोणीतरी आधीच धरलेली असायची आणि फुवांचा चहा सगळ्यांच्या शेवटी यायचा. चार दिवसांनी फुवांनी आपला ग्लास उचलला आणि रस्त्यापलीकडे मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले. मी भडकले, पत्रक काढते म्हणाले. ते म्हणाले, 'काबर? गाव खाले गयं. मी वर कसा बसू?'

या सीझनला धानोरा दुसऱ्या विभागात खेळतंय, ओसाड मैदानांवर, मूठभर माणसांसमोर. फुवा प्रत्येक सामन्याला जातात. गुडघा पुन्हा धरलाय, प्लास्टिकची खुर्ची मीच उचलून नेते. आणि धानोरा जिंकतंय. पोरं पूर्वी कधी धावली नव्हती अशी धावतात. मागच्या रविवारी जिंकून परत आल्यावर सगळे हॉटेलात शिरले. पुतण्याने उपरण्याने बाक पुसला, खांबाजवळची जागा मोकळी केली आणि रस्त्यापलीकडे हाक मारली, 'आबा, या. वर बसा.'

वर्षभरात त्याने त्यांना मारलेली ही पहिली हाक. फुवा उठले. गुडघ्यावर हात ठेवत रस्ता ओलांडून आले. बाकाकडे बघून त्यांनी विचारलं, 'किती सामना बाकी शेत?'

'दोन, आबा.'

'मंग दोन व्हऊ दे.' त्यांनी पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो लगेच काढला नाही. 'मधमाच कोनी वर जात नही, बेटा.'

ग्लास घेऊन ते पुन्हा कठड्याकडे निघाले. या वेळी पावलं जास्तच सावकाश पडत होती. सीझन संपेल, पण हा गुडघा, हा माणूस किती सीझन टिकेल, हा विचार मला त्या रस्त्याच्या मध्यावर पहिल्यांदा आला, आणि त्याच्याविरुद्ध कुठलंच पत्रक काढता येईना. मी माझा चहा घेऊन त्यांच्यामागे गेले. फुवा सरकले आणि कठड्यावर मला जागा करून दिली.

'तात्पुरती शे,' ते म्हणाले.