कोरा रकाना

कॉलेजच्या प्रयोगशाळेत उन्हाळ्यात काम करायला एकच जागा होती आणि ती मला हवी होती. सरांनी मला आणि ती जागा हवी असलेल्या एका वर्गमित्राला एकेक सर्किट बोर्ड दिला. कामाप्रमाणे प्रोसेसरचा वेग कमी-जास्त करणारा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राला हुकूम देणारा छोटा प्रोग्राम, लिहायचा होता.

असा ड्रायव्हर नोंदवण्याआधी ऑपरेटिंग सिस्टीम एवढंच तपासते की त्यात ठरलेली फंक्शन्स आहेत का. एखादं नसेल तर नोंदणी नाकारते. माझी तीनदा नाकारली. वेग बदलणारं फंक्शनच मला जमत नव्हतं.

आमच्या घरात कॉलेजचा फॉर्म भरणारा मी पहिलाच. आमच्या गावी, नरखेडला, तहसीलच्या खिडकीशी बाबा म्हणायचे, "कोरं काही सोडू नको गा, नाहीतर बाबू वापस करते." माहीत नसेल तिथे आम्ही रेघ मारायचो.

इथेही मी तेच केलं. फंक्शनचं नाव लिहिलं आणि आत एकच ओळ, काम झालं असं कळवणारी. ड्रायव्हर लगेच नोंदला गेला. सिस्टीम त्या ओळीवर विसंबून वेगाचे नवे आकडे दाखवू लागली, ते मी अहवालात उतरवले. आतलं नंतर लिहू, असं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

सरांनी सगळ्यात कमी वेगावर एक गणित चालवलं. अकरा सेकंद. मग सगळ्यात जास्त वेगावर. अकराच.

"फंक्शन उघड."

शेजारी बसलेला तो वर्गमित्र वाकून बघत हसला. "अबे, नुसतं शटर रंगवून ठेवलं का तू? आत दुकानच नाही!"

सर हसले नाहीत. "सिस्टीम फक्त आहे का ते बघते. आत काय आहे, ते तुले माहीत होतं ना?"

"हो, सर."

"मग अहवालात लिहिलं काहून नाही?"

त्या मित्राचा ड्रायव्हर नोंदलाच गेला नव्हता. 'हे फंक्शन जमलं नाही' असं त्यानं अहवालात सरळ लिहिलं होतं. जागा त्याला मिळाली.

मनीषनगरच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर पोचलो तोच बाबांचा फोन आला.

"काय झालं गा तुया कामाचं?"

"नाही मिळालं, बाबा."

"काही कोरं सोडलं होतं का?"

"नाही. सगळं भरलं होतं."

"मंग बाबूचीच गलती असन," ते म्हणाले.

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.