काणी न लागलेली ज्वारी

नागपूरच्या विज्ञान परिषदेसाठी आम्ही सारांश धाडला, तेव्हा सरांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. उभ्या आयुष्यात त्यांनी परिषदेत एकही निबंध वाचला नव्हता. बुलढाण्याकडे बसून कसलं आलंय संशोधन, असं तोंडावर म्हणणारे लोक होते. मी सरांच्या हाताखाली कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळायचो आणि अशा लोकांशी भांडायचो. सर कधी भांडले नाहीत.

त्यांचा विषय ज्वारीवर पडणारा काणी हा रोग. कणीस दुरून धड दिसतं आणि दाणा फोडला की आत नुसती काळी भुकटी. उंद्रीच्या एका शेतकऱ्याने आपल्या वावराचा तुकडा प्रयोगाला दिला होता. दर पेरणीला सर त्याच्या गावरान बियाण्याला रोग लागावा म्हणून मुद्दाम ही भुकटी चोळत, मग निम्म्याला औषध म्हणून गंधक लावत, निम्मं तसंच ठेवत आणि दोन्ही पिशव्या त्याच्या हवाली करून येत. नवल असं, की बिनगंधकाच्या ओळींतही रोग दिसेना. सलग तीन हंगाम दिसला नाही. ही ज्वारी मुळातच काणीला दाद देत नाही, हा सरांचा शोध.

सारांश इंग्रजीत, एका पानात बसवायचा होता. ‘बहुधा’ अशा अर्थाचा शब्द मी खोडायचो, सर परत घालायचे. सारांश छापून आला त्या दिवशी त्यांनी तो बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. तिला इंग्रजी येत नव्हतं, तरी ती शेवटपर्यंत ऐकत बसली.

मग मी ड्रॉइंगच्या मोठ्या कागदांवर काळ्या शाईने तक्ते काढले. रिकाम्या वर्गात सर घड्याळ समोर ठेवून भाषणाची तालीम करत आणि मी मागच्या बाकावरून “ऐकू येत नाही” म्हणून ओरडत असे.

तक्त्यांशेजारी खरी कणसं लावावीत असं माझ्या डोक्यात आलं, म्हणून आम्ही उंद्रीला गेलो. शेतकऱ्याने हौसेने कणसं निवडून दिली. मी सहज म्हणालो, गंधक न लावता असं पीक येतं हे पाहून तिथले लोक चाटच पडतील.

“न लावता कसं?” तो म्हणाला. “मी लावला ना. दर साली. चिखलीहून आनला.”

“दोन्ही पिशव्यांना?” सरांनी विचारलं.

“हाव मास्तर. तुमी बियाण्याले ते काळं चोळून राह्यले होते, तवा मले पाहवलं नाही. वावरात रोग कसा पेरू? अन् तुमचं कामबी बिघडू नये वाटलं.”

मला त्याचा भयंकर राग आला. तोंड उघडणार तोच सरांनी माझा दंड धरला. त्याच्या घरी चहा घेऊन, कणसं पिशवीत भरूनच आम्ही निघालो.

बसमध्ये मी म्हणालो, “सर, तिथे हे कुणाला कळणार आहे?”

“आणि हे वाचून कुणी गंधक न लावता पेरलं तर?” ते म्हणाले.

तक्ते घरीच ठेवून आम्ही नांदुऱ्याला नागपूरची रेल्वे धरली. परिषदेत सरांचं नाव पुकारलं तेव्हा ते उठले, छापलेला सारांश चुकीचा आहे, तो रद्द समजावा, असं म्हणाले आणि कारणही सांगितलं. शेतकऱ्याची हकीकत ऐकून काही जण हसले. सर माझ्या शेजारी येऊन बसले आणि चष्मा पुसत राहिले. मला रडू आवरेना, आणि त्यातलं निम्मं रागाचंच होतं.

परतताना नांदुऱ्याहून घेतलेली बस उंद्रीला थांबली. फाट्यावर तो शेतकरी उभाच होता. खिडकीशी येऊन म्हणाला, “काय म्हनले मास्तर, नागपूरवाले?”

“पीक नामी आहे म्हणाले,” सर म्हणाले.

त्याचा चेहरा खुलला. “मंग औंदाबी करू ना आपन?”

“करू की,” सर म्हणाले आणि खिडकीतून त्यांनी त्याचा हात धरला. बस हलली तरी त्यांना तो सोडवेना.