पाण्यातली विळी

फोन आला तेव्हा मी वाशिंदच्या घरी फिल्टरची कँडल घासत बसले होते. "सुमन गेली," थोरले भाऊजी म्हणाले, आणि पुढे त्यांना बोलवेना. मी नळ बंद करायचं विसरले. सुमनताईनं पाहिलं असतं तर आधी नळ बंद केला असता आणि मग माझ्यासोबत रडायला बसली असती.

सुमनताई माझी मोठी जाऊ. आमचं गाव किन्हवलीच्या अलीकडे. माझं लग्न झालं त्याच सुमारास अंगणात बोअर मारली होती आणि विहिरीवरची खेप वाचली म्हणून सगळे खूश होते. सासूबाईंना झोपण्याआधी हिरड्याची पूड पाण्यातून लागायची. विहिरीच्या पाण्यात ती पिवळसर व्हायची. बोअरच्या पाण्यात ताईनं पहिल्यांदा कालवली आणि बघता बघता पेला शाईसारखा काळा झाला. सासूबाईंनी पेला दूर सारला. "यात काय टाकलंस गो?"

दुसरी कुणी असती तर शपथा घेत बसली असती. ताई मात्र पेला घेऊन दिव्याखाली गेली. पाणी ओढताना नितळ होतं, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. हंड्यात राहिलं की त्यावर तांबूस साय धरते, हेही पाहिलं होतं. सासूबाई मात्र पुढचे कितीतरी दिवस विहिरीच्या पाण्यात माझ्याच हातचा हिरडा घेत होत्या, आणि मी मेली त्यात मिरवत होते.

मग एकदा आवळे चिरताना तिचा हात थांबला. "आवळा विळीवर काळा पडतो ना गो? हिरडा पण तुरटच. म्हणजे या पाण्यात विळी हाय." मला हसू आलं. तिनं विहिरीच्या पाण्यात गंजका खिळा रात्रभर ठेवला, सकाळी त्यात हिरडा टाकला आणि काळा पेला सासूबाईंसमोर नेला. "बघा, मी नाय टाकलं. लोखंडानं झालं."

इथपर्यंत ठीक होतं. पण लोखंड पाण्यात आलं कुठून, हे तिला स्वस्थ बसू देईना. पाणी तपासायला आलेल्या माणसाला तिनं जेवायला बसवून घेतलं आणि भात वाढता वाढता सगळं काढून घेतलं. आपल्या काळ्या दगडातच लोह असतं. पावसाचं पाणी मुरमातून विहिरीत लवकर येतं, वारा खातं. बोअरचं पाणी खोल फटींत वाऱ्यावाचून कोंडून राहतं आणि दगड थोडा थोडा विरघळवून घेतं. "म्हणजे जितकं खोल, तितकं दगडाकडं मुक्कामाला जास्त," ताई म्हणाली. "आणि आमी तर दरसाल खोलच चाललोय..." तो माणूस जेवायचा थांबला होता.

त्याच उन्हाळ्यात गावानं विहीर बुजवायचं ठरवलं. तिथे सभामंडप हवा होता, आणि पाण्याला गावात बोअर होत्याच. खालच्या वाडीतल्या बाया त्याच विहिरीचं पाणी प्यायच्या. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. ग्रामसभेत ताई दोन पेले घेऊन उभी राहिली, एकात विहिरीचं पाणी, एकात बोअरचं. "ताई, जादूचे खेळ कशाला?" सरपंच हसले. "जादू नाय. तुमीच टाका हिरड्याची चिमूट." त्यांनी टाकली. मागे बसलेल्या वाडीतल्या बाया एकेक करत पुढे आल्या आणि काळ्या पेल्यात वाकून बघू लागल्या. बोअरचं पाणी प्यायला त्या तयार होईनात, आणि विहीर राहिली. त्यानंतर आमच्या ओटीवर सतत कुणाची ना कुणाची पाण्याची बाटली यायची, आणि ताई स्वयंपाक टाकून ती उजेडात धरायची. मला तिचा राग यायचा, कारण पोळ्या मलाच लाटाव्या लागत. आता तो रागसुद्धा हवासा वाटतो.

तिला जाऊन महिना होऊन गेला. मी सासूबाईंच्या सोबतीला गावी राहिलेय. आजूबाजूला नव्या बोअर झाल्यात, विहीर तळाला गेलीय. काल संध्याकाळी विहिरीच्याच पाण्यात त्यांचा हिरडा कालवला आणि पिवळं पाणी किंचित सावळं वाटलं. दुसऱ्या पेल्यात कालवून पाहिलं. तेच. सासूबाईंनी डोळे बारीक करून पेला पाहिला.

"विहिरीचं असं कशानं झालं गो? थांब, सुमनला हाक मार."

मी हाक मारायला मागच्या दाराकडे वळलेसुद्धा...