नळाच्या पाण्याने धुतलेला समुद्र

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, खोल समुद्राच्या तळाशी नवेगाव बांधचं तळं सापडलं आहे. संशोधक, आमचे सर. कारण, मी.

मी कॉलेजात प्रयोगशाळा परिचर. आमच्या नळाला तळ्याचंच पाणी. सर नवीन आले त्या दिवशी पोरांसमोर त्यांनी माझं आडनाव विचारलं. सांगितलं. त्यांनी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन पायाने आपल्या टेबलाखाली ढकलला.

"याला हात लावायचा नाही. मी यातलं पितो."

पोरं हसली. मीही हसलो. दात उपटण्याआधी सुई देतात ना, आत तसं बधिर झालं होतं.

मग सरांच्या संशोधनासाठी खोल समुद्राच्या तळाचा चिखल आला. इवल्या डब्यांत हजारो वर्षांचा गाळ. त्यात डायटम, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. ते मरतं, काचेसारखं कवच उरतं. कोणती कवचं जास्त, त्यावरून तेव्हाचा समुद्र थंड की ऊबदार ते कळतं. गाळ रसायनात उकळायचा, निवळू द्यायचा, वरचं पाणी टाकायचं, पुन्हा धुवायचा. असं सात-आठदा.

"सर, धुवाले पाणी कोणतं घेऊ?"

"नळ आहे ना तुला!"

नळाने धुतलं.

महिन्याभराने सर टेबल बडवत उठले. खोल समुद्रात गोड्या पाण्याचे डायटम! म्हणजे तेव्हा नद्यांना प्रचंड पूर! मी सूक्ष्मदर्शकात डोकावलो. सगळी ओळखीची मंडळी. पोरांच्या प्रोजेक्टसाठी तळ्याच्या स्लाइडा दरवर्षी मीच बनवतो.

"सर, हे तं आपल्या तळ्यातले होत."

"तू झाडू मार."

मारला.

सरांचा शोध तपासायला नागपूरहून तज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी पहिल्याच स्लाइडीत तळं ओळखलं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत मला बोलावणं. टाइप केलेला कागद तयार. 'मी कोणालाही न विचारता नळाचे पाणी वापरले.' खाली सहीची जागा. सही केली तर जन्मभराचा डाग. नाही केली तर नोकरी जाणार.

"कर दे भाऊ, बात खतम," प्राचार्य म्हणाले. सर खिडकीबाहेर बघत होते.

पेन हातात होतं. बोटं आपली वाटत नव्हती. राग यावा म्हणून मी वाट पाहिली. आला नाही. मग रागाशिवायच कागद पालथा केला. मागे लिहिलं सगळं. आडनाव. कॅन. माझा प्रश्न, सरांचं उत्तर, जसंच्या तसं. खाली ठसठशीत सही केली.

"हे काय लावलंयस?" सर ओरडले.

माझ्या तोंडून निघून गेलं,

"माह्या सहीच्या वर काय लिवाचं, ते आता मीच ठरवीन!"