कोरी फीत

रेडिओ केंद्रावर त्यांना सगळे बुवा म्हणत, तेही चेष्टेनं. पन्नाशीपर्यंत हा माणूस देवाचं नाव निघालं की नाक मुरडायचा. शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमाचे ते निवेदक. कोण कुणाकडे शिकलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, सगळा इतिहास तोंडपाठ. त्याच इतिहासानं त्यांना देवाच्या दारात नेऊन उभं केलं.

एका जुन्या गायिकेचं ध्वनिमुद्रण होतं. मुलगा गेल्यावर महिन्याभरातच ती याच केंद्रावर गायला आली होती. आलापीत वरच्या सुरावर चढली आणि मध्येच गप्प झाली. काही क्षणांनी तोच सूर पुन्हा लागला, आधीपेक्षा शांत. हा किस्सा बुवा वर्षानुवर्षं श्रोत्यांना सांगत आले होते. पण बायकोचं दुखणं कळलं त्या आठवड्यात त्यांनी ते गाणं पुन्हा लावलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की त्या क्षणांत तंबोरेही गप्प आहेत. गाणारी थांबेल, तारा कशा थांबतील? तिथं कुणीतरी येऊन उभं राहिलंय, असं त्यांना वाटलं.

फितींमध्ये हयात गेलेल्या माणसाला साधी शंका येऊ नये? पण बुवांना शंका नकोच होती. ते घरी गेले, बायकोला गाणं ऐकवलं, ती जागा दाखवली. डॉक्टरांनी हात टेकल्यावर ती त्या जागेच्या आधारानंच दिवस काढू लागली.

परवा एक जुना, निवृत्त तंत्रज्ञ केंद्रावर सहज डोकावला. चहा पिताना बुवांनी मोठ्या भक्तिभावानं त्याला ती जागा ऐकवली.

"अहो, देव कसला घेऊन बसलात," तो म्हणाला. "बाईंना खोकल्याची उबळ आली होती. तेवढा तुकडा मी कापला. कार्यक्रमाची वेळ ठरलेली, म्हणून तेवढीच कोरी फीत चिकटवली."

"आणि तंबोरे?"

"ते वाजतच होते की. कापलेल्या तुकड्यात गेले." त्यानं चहात बिस्किट बुडवलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

त्या संध्याकाळी बुवा घरी आले. बायको उशीला टेकून वाटच बघत होती.

"लावता ना?"

त्यांनी गाणं लावलं. सूर वर चढला, थांबला. बायकोनं डोळे मिटून हात जोडले. बुवांनी कान देऊन ऐकलं. तिथं काही नव्हतं. इतकं रिकामं त्यांनी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. तिनं डोळे उघडले तर दिसावं म्हणून त्यांनीही हात जोडले.

"आज जरा जास्त वेळ थांबला, नाही?" ती म्हणाली.

फीत तेवढीच होती.

"हो," बुवा म्हणाले. "तुझ्यासाठी थांबला असेल."

"उद्या पुन्हा लावाल?"

बुवांनी मान डोलावली. तिला हा आधार त्यांनीच दिला होता, आणि आता त्या घरात विश्वास असलेलं माणूस तेवढं एकच उरलं होतं. तेही फार दिवस उरणार नव्हतं.