बसल्या जागी दिसणारी खाडी

पुण्याहून ओव्हरसियरची परीक्षा पास होऊन मी कोलशेतला घरी परतलो तेव्हा माझ्या अंगात भलतीच रग होती. चुलीचा धूर कुठून जावा यावरही मी घरच्यांना व्याख्यान देत असे.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची विधवा. माहेर घाटावरचं. ती लग्न होऊन आली आणि वर्षाच्या आत काका गेले. त्यानंतर वीस वर्षं तिनं परसातल्या विहिरीपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. विहिरीमागं दगडांचा उंच गडगा, आणि त्याच्यामागं खाडी. ती तिनं कधी पाहिलीच नव्हती.

एकदा ती मला म्हणाली, "एवढा शिकलास, तर मला जपाला एक निवांत खोली बांधून दे. बसल्या जागी पाणी दिसेल अशी."

वडिलांनी कशीबशी परवानगी दिली. मी चार रात्री जागून नकाशा काढला. वारा कुठून येतो, ऊन कुठं फिरतं, सगळं टिपलं. गडगा थोडा पाडून तिथंच खोली उभी केली. खिडकी मात्र परीक्षेच्या पुस्तकात होती तशी, जमिनीपासून तीन फुटांवर.

बाळकुमचा गवंडी थबकला. "काकू खाली बसतील ना? मंग खिरकी येवरी वर कनाला?"

"तू विटा रच," मी म्हणालो.

खोली झाली. काकू रोज पाटावर बसून जप करू लागली. आठवड्यानं मी मोठ्या ऐटीत विचारलं, "कशी दिसते खाडी?"

"छान वारा येतो हो," ती म्हणाली.

मला उत्तर चमत्कारिक वाटलं. ती घरात गेल्यावर मी तिच्या पाटावर बसून पाहिलं. खिडकीत नुसतं आभाळ होतं. ज्या साहेबानं ते पुस्तक लिहिलं तो खुर्चीवर बसत असणार! उभं राहिलं की पाणी दिसे, पण खाडीच्या बांधावरून येणाऱ्याजाणाऱ्यांना विधवा खिडकीत उभी दिसली असती, तर गावानं काय काय म्हटलं असतं. मला माझी अशी लाज वाटली की कान तापले.

दुसऱ्या दिवशी गवंड्याला हातापाया पडून बोलावलं. त्यानं हसतहसत खिडकी थेट जमिनीपर्यंत उतरवली आणि खाली दाट लाकडी गज बसवले. आतून सगळं दिसावं, बाहेरून काही नाही.

काकू येऊन बसली. ओहोटी लागली होती. बघता बघता चिखल उघडा पडला, त्यावर खेकडे पळू लागले.

"पाणी कुठं गेलं रे?"

"समुद्रात. भरतीला परत येईल."

"आजच?"

"रोज येतं. दिवसातून दोनदा."

जपमाळ तिच्या हातात तशीच थांबली. "म्हणजे एवढी वर्षं माझ्या पाठीमागं हे रोज चाललं होतं," ती म्हणाली आणि तांबड्या आलवणाचा पदर तोंडाशी धरून रडू लागली.

भरती येईपर्यंत मी तिच्याजवळ जमिनीवर बसून राहिलो.