दोन काठांची ग्रामसभा

भेंडसर ग्रामपंचायतीचं पाणी सोडते ती सावित्री. सकाळी पंपाचं बटण दाबायचं, वाडीवाडीचे कॉक फिरवायचे आणि होळीनंतर विहीर आटली की घरोघरच्या बायकांचे टोमणे ऐकायचे, हे तिचं वीस वर्षांचं काम. सातवी शिकलेल्या ह्या बाईने जे घडवून आणलं ते भल्याभल्या साहेबांना जमलं नव्हतं, म्हणून ही हकिगत सांगायची.

भेंडसरच्या वरच्या अंगाला काजरवणे, तिचं माहेर. दोन्ही गावांतून एकच पऱ्या, म्हणजे ओढा, वाहतो. काजरवणेकर दर दिवाळीनंतर दगडमातीचा बांध घालून पाणी अडवत, आणि खाली भेंडसरात फेब्रुवारीतच नुसते गोटे उरत. बरं, तो बांधही गळका. मे महिन्यात तिथेही टँकर. दोघांना पुरेल अशा, फळ्या घालून पाणी अडवायच्या नि काढून खाली सोडायच्या पक्क्या बंधाऱ्याला जागा एकच, हद्दीवरची कातळाची खिंड. पण तिथे पऱ्याचा एक काठ भेंडसरचा, एका तालुक्यात, आणि दुसरा काजरवण्याचा, दुसऱ्या तालुक्यात. अर्ज नेला की हे ऑफिस म्हणे तिकडे जा, ते म्हणे इकडे. शेवटी जिल्ह्याच्या एका साहेबाने सांगितलं, दोन्ही ग्रामसभांचा शब्द न् शब्द एकच ठराव आणा, मग बघू.

काजरवण्याचा गावकर म्हणजे सावित्रीचा सख्खा भाऊ महिपत. देवीपुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. तो बोलला की गाव बोललं.

"बाय, म्हायेरपनाला ये, चार दिस रव," त्याने बजावलं, "पन पान्याचा विषय काडायचा नाय. बंधाऱ्याच्या फळ्या तुमचं गाव कवा उपटील, त्याचा काय भरवसा?"

सावित्रीला राग आला. पण भेंडसरचं पाणीही हवं आणि माहेरही हवं, तर गप्प बसून कसं चालेल?

तिने दोन्हीकडे धोशा लावला, तेव्हा कुठे ठराव एकत्र ऐकण्यापुरती दोन्ही गावं राजी झाली. पुढचा वांधा, सभा कुठे भरवायची? ह्यांनी तिकडे जायचं नाही, त्यांनी इकडे यायचं नाही. नाकं एवढी मोठी की खिंडीत मावली नसती. तेव्हा तिला शिमगा आठवला. दोन्ही गावच्या देवी बहिणी-बहिणी, त्यांच्या पालख्या भेटतात त्या ह्याच कोरड्या पऱ्यात, हद्दीवर. तिथे कोणी कोणाच्या दारात जात नाही.

एक मेच्या दोन्ही ग्रामसभा तिथे भरल्या. आपापल्या काठावर, आपापल्या हद्दीत, आपापल्या ग्रामसेवकासकट. ठराव एकदाच, मोठ्याने वाचला: बंधारा दोघांचा, फळ्या घालायच्या-काढायच्या त्या दोन्ही पंचायतींनी मिळून ठरवून. वाचून झाला, तरी एकही हात वर होईना. हा काठ त्या काठाकडे बघतोय, तो ह्या काठाकडे.

सावित्री उठली आणि गोट्यांतून चालत मधोमध जाऊन उभी राहिली. "दादा, हातबीत रवांदे. तू गाऱ्हानं घाल. देवीपुडं बोललेलं तू मोडनार नायस, नि आमी पन नाय."

महिपत वहाणा काढून पऱ्यात उतरला. मग त्याने हात जोडले. "बा देवी म्हाराजा! आजवर आमच्या शिवेतलंच मागत आलंव. आज दोन बयनींच्या दोन गावांचं मागतंव. हे पानी दोगांना पुरव, नि जो कोन एकट्यासाटी फळी उपटील त्याला तू बग म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोन्ही काठ एकदम गरजले. ग्रामसेवकांनी मग रीतसर हात वर करायला सांगितलं, तर मोजायची गरजच उरली नाही.

पुढच्या वर्षी बंधारा झाला. पाटीवर साहेबांची नावं आहेत, सावित्रीचं नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. फळ्यांच्या खोलीची किल्ली कोणाकडे ठेवायची, ह्यावर मात्र दोन्ही पंचायतींची चांगली जुंपणार असं सगळे धरून चालले होते. बैठक दहा मिनिटांत उठली.

भाऊबीजेला महिपत आला. सावित्रीने ओवाळलं, तशी त्याने तबकात एक किल्ली ठेवली.

"दोनी गावांनी तुझंच नाव घातलं गो," तो म्हणाला.

किल्ली सावित्रीने पदराच्या गाठीला बांधली आणि संध्याकाळी भावाला घेऊनच ती खिंडीवर गेली. पहिली फळी दोघांनी मिळून बसवली.